आरटीपी स्वच्छ, तरी फोनवर खटके: गेटवेच्या लाइनकडच्या बाजूचा पीसीएम ट्रेस कसा घ्यावा आणि कसा वाचावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑफिसात ई-१ पीआरआय लाइन (एका वेळी तीस कॉल नेणारी डिजिटल टेलिफोन लाइन) येते आणि लिनक्स मशीनमधल्या कार्डात शिरते. त्या मशीनवर डाडी (कार्ड चालवणारा ड्रायव्हर) आणि ॲस्टरिस्क (टेलिफोन एक्सचेंजचं काम करणारं सॉफ्टवेअर) आहे, म्हणजे हे मशीनच गेटवे. पुढे लॅनवर सिप फोन (लॅनवर चालणारे आयपी फोन) आणि एक वेगळा आयव्हीआर सर्व्हर (‘अमुकसाठी एक दाबा’ म्हणणारं यंत्र). तक्रारी तीन. बोलताना दर दोन-तीन सेकंदांनी बारीक खटका येतो. काही नंबरांवर आयपी फोनवाल्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो. आणि ग्राहकाने एकदा दाबलेला आकडा आयव्हीआरला दोनदा पोचतो. वायरशार्कमध्ये (नेटवर्कवरची पॅकेट दाखवणारा प्रोग्रॅम) आरटीपी, म्हणजे लॅनवरून आवाज नेणारी पॅकेट, पाहिली तर पॅकेट लॉस शून्य, जिटर (पॅकेट येण्याच्या वेळेतला चढउतार) नगण्य. गेटवे बसवणारा म्हणतो लाइन खराब, लाइनवाला म्हणतो तुमचं मशीन खराब. अशा वेळी पीसीएम ट्रेस कसा घ्यायचा आणि त्यात नेमकं बघायचं काय?

वायरशार्क गेटवेचा एकच दरवाजा दाखवतो, लॅनकडचा. ई-१ कडच्या दरवाजातून काय आत आलं आणि काय बाहेर गेलं, हे त्याला कळायचा मार्गच नाही. तिथे पॅकेट नसतातच. दर चॅनेलला सेकंदाला ८००० सॅम्पल, प्रत्येक ८ बिटांचं, ए-लॉ पद्धतीने दाबलेलं, म्हणजे ६४ किलोबिटचा अखंड प्रवाह असतो. पीसीएम ट्रेस म्हणजे त्या प्रवाहाची जशीच्या तशी नक्कल. आरटीपी एन्क्रिप्ट केलेलं असेल तर वायरशार्कला आवाज ऐकवताच येत नाही; पीसीएमला त्याने काही फरक पडत नाही.

‘आमच्याकडे कॉल रेकॉर्डिंग आहेच की, तेच पाठवतो’ हे उत्तर नेहमी येतं. ते चालणार नाही. ॲस्टरिस्कचं मिक्समॉनिटर आवाज फ्रेमच्या रूपात ॲस्टरिस्कमध्ये पोचल्यावर लिहितं, दोन्ही बाजू जुळवायला मधे शांतता भरतं, आणि इको कॅन्सलर (परतणारा आवाज पुसणारा भाग) लागण्याआधीचा आवाज त्याच्या हाती येतच नाही. ग्राहकाशी वाद झाला तर ते उपयोगी, बिघाड शोधायला नाही.

पकडायचं कसं, ते आधी. डाडीच्या साधनांमध्ये डाडी मॉनिटर नावाचा प्रोग्रॅम असतो (टाइप करताना दोन शब्दांमध्ये अंडरस्कोर). त्याला चॅनेलचा क्रमांक द्यायचा. नुसता छोटा ‘व्ही’ दिला तर पडद्यावर आवाजाची पट्टी हलताना दिसते. योग्य चॅनेल धरला आहे की नाही, हे तपासायला ती पुरे. फाइलसाठी छोटा ‘आर’ आणि फाइलचं नाव दिलं की लाइनकडून आत येणारा आवाज मिळतो, छोटा ‘टी’ दिला की लाइनकडे जाणारा. मोठा ‘आर’ दिला तर आत येणारा आवाज इको कॅन्सलर लागण्यापूर्वीचा मिळतो. हे तिन्ही एकाच आदेशात द्या. एकाच प्रोग्रॅमने एकदम सुरू केल्यामुळे तिन्ही फाइलींचा शून्य क्षण एकच राहतो, आणि पुढचं सगळं मोजमाप त्यावरच उभं आहे. थांबवायला कंट्रोल-सी. फाइल १६ बिटांची असते, म्हणजे सेकंदाला १६,००० बाइट. मिनिटाला एका दिशेचे जेमतेम एक एमबी. डिस्कची काळजी करू नका.

चॅनेल क्रमांकाचा घोळ सगळ्यांचा होतो. ॲस्टरिस्क पीआरआय कॉलच्या नावात स्पॅन (कार्डावरची ई-१ जोडणी) आणि फोन नंबर दाखवतं, चॅनेल दाखवत नाही. तो ‘पीआरआय शो चॅनेल्स’ने कळतो. ई-१ मध्ये १६ नंबरचा चॅनेल सिग्नलिंगचा असतो, तिथे आवाज शोधू नका; आवाजाचे १ ते १५ आणि १७ ते ३१. त्यापेक्षा चाचणीचा कॉल डायलप्लॅनमधून (ॲस्टरिस्कचे कॉल वळवायचे नियम) ठरावीक चॅनेलवरूनच काढा, उदाहरणार्थ ५ वरून, आणि कॉल लावण्याआधीच मॉनिटर चालू करून ठेवा.

जोडीला त्याच मशीनवर टीसीपीडम्पने त्या कॉलचं आरटीपी पकडा. बाहेरच्या स्विचवर नको. त्याच मशीनवर पकडलं म्हणजे पॅकेट दारापर्यंत आलं की नाही, हा वाद उरत नाही. ॲस्टरिस्कचे आरटीपी पोर्ट न बदलल्यास १०००० ते २०००० असतात. पीसीएम आणि आरटीपीच्या फाइली एकाच क्षणी सुरू होणार नाहीत, म्हणून कॉल लागताच फोनवरून ‘एक’ असं ठसक्यात म्हणा. नंतर तोच उंचवटा धरून दोन्ही जुळवता येतात.

चाचणीत काय बोलायचं ते आधी ठरवा. ‘हॅलो, ऐकू येतंय का’ने काही सिद्ध होत नाही. पहिले दहा सेकंद दोघंही गप्प. मग आयपी फोनवाला एक ते दहा मोजतो, समोरचा गप्प. मग उलट. मग दोघं एकदम बोलतात. शेवटी समोरचा आपल्या फोनवरून एक ते नऊ, शून्य, स्टार आणि हॅश सावकाश दाबतो. दीड मिनिटात काम होतं, आणि फाइलीतला प्रत्येक तुकडा कशासाठी आहे ते माहीत असतं. शांततेचे दहा सेकंद लोक गाळतात. खरं तर निम्मं निदान तिथेच होतं.

फाइल ऑडॅसिटीत (आवाजाची लाट दाखवणारा प्रोग्रॅम) ‘इम्पोर्ट रॉ डेटा’ने उघडा: साइन्ड १६ बिट, लिटल एंडियन, एक चॅनेल, ८००० हर्ट्झ. बाइटचा क्रम चुकला तर कान फाडणारी फुसफुस येते. दर ४४,१०० राहिला तर आवाज साडेपाचपट वेगाने धावतो. दोन्ही वेळा लोक फाइलच खराब म्हणून टाकून देतात. सॉक्स नावाच्या प्रोग्रॅमने वेव्ह फाइल करून घेतली तरी चालतं, पण त्याला हेच आकडे सांगावे लागतात.

आता खटका. कान लावून काही कळत नाही, सगळे खटके सारखेच ऐकू येतात. खटक्याच्या जागी झूम करत जा, इतकं की एकेक सॅम्पल ठिपका म्हणून दिसेल, आणि जखमेची लांबी मोजा. प्रत्येक गुन्हेगाराचं माप ठरलेलं असतं.

जखम एका सॅम्पलची असेल, म्हणजे लाट मधेच एक पायरी चुकलेली, तर तो क्लॉक स्लिप. ई-१ वर दोन्ही टोकांची घड्याळं जुळली नाहीत की कार्डातल्या फ्रेमर चिपचा बफर भरतो किंवा रिकामा होतो आणि ती एक अख्खी फ्रेम (सगळ्या चॅनेलचं एकेक सॅम्पल), १२५ मायक्रोसेकंद, गाळते किंवा परत वाजवते. प्रत्येक चॅनेलच्या वाट्याला त्यातलं एक सॅम्पल येतं. जखम ८ सॅम्पलची किंवा ८ च्या पटीत असेल तर मशीनने इंटरप्ट (‘डेटा उचल’ ही कार्डाची हाक) चुकवला, कारण डाडी एका वेळी ८ सॅम्पलचा, १ मिलिसेकंदाचा घास घेतं. आणि जखम बरोबर १६० सॅम्पलची, म्हणजे २० मिलिसेकंदांची असेल तर ते नेहमीच्या आरटीपी पॅकेटचं माप: पॅकेट हरवलं किंवा उशिरा आलं.

दर दोन-तीन सेकंदांनी, तेही नेमाने, हे वर्णन वाचल्यावर पहिला संशय क्लॉकवर जातो, आणि त्याला गणित आहे. ई-१ च्या घड्याळाला दहा लाखांत ५० भागांपर्यंत चुकायची मुभा असते. तुमचं कार्ड आणि एक्सचेंज यांच्यात नेमका तेवढा फरक असेल तर ८००० गुणिले ५० भागिले दहा लाख, म्हणजे सेकंदाला ०.४ फ्रेम, दर अडीच सेकंदांनी एक खटका. फरक कमी असेल तर खटके लांब लांब पडतील, पण अंतर सारखंच राहील. नेटवर्कमुळे येणारे खटके असे घड्याळ लावून येत नाहीत.

बोलण्याच्या लाटेत एका सॅम्पलची उडी शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई. तिथे टोन वापरा. ॲस्टरिस्कमध्ये मिलिवॉट नावाचं ॲप्लिकेशन आहे, ते १००४ हर्ट्झचा सलग टोन देतं. (१००० का नाही? ८००० ला १००० ने नि:शेष भाग जातो, त्यामुळे तीच आठ सॅम्पल पुन्हापुन्हा जातात आणि बाकीचे कोड तपासलेच जात नाहीत.) अशा टोनमध्ये एक सॅम्पल गळलं की लाट साधारण ४५ अंशांनी पुढे उडी मारते, झूम केल्यावर गुळगुळीत डोंगराला मधेच कापलेली कडा दिसते. स्पेक्ट्रोग्रामवर तर लांबूनही उभी रेघ दिसते.

इथे एक खाच आहे. ‘टी’ची फाइल कार्डाच्या आतली आहे. तुमच्याकडून निघालेला आवाज एक्सचेंजच्या बाजूला स्लिप होत असेल तर ती फाइल स्वच्छच दिसणार आणि समोरच्याला मात्र खटके ऐकू येणार. म्हणून आपलाच फोन आपल्यालाच लावा: ५ वरून बाहेर, फिरून स्वतःच्याच पीआरआय नंबरवर आत, समजा १७ वर. ५ वर मिलिवॉट वाजवा आणि १७ ची आत येणारी फाइल घ्या. जाणं आणि येणं दोन्ही तिच्यात उमटतात. पातळीही तिथेच मोजून होते: मिलिवॉटचं टोक १६ बिटांच्या मोजपट्टीवर अंदाजे २२,५०० वर असतं. ते ११,२०० च्या आसपास दिसलं तर वाटेत ६ डेसिबल गेले.

स्लिप सापडला की लगेच लाइनवाल्याला पत्र लिहू नका. आधी डाडीच्या सिस्टिम डॉट कॉन्फ फाइलीतली स्पॅनची ओळ बघा. पहिला आकडा स्पॅनचा, दुसरा घड्याळाचा. तिथे ० असेल तर कार्ड स्वतःचंच घड्याळ चालवतं आणि एक्सचेंजच्या घड्याळाशी त्याचं कधीच जमणार नाही. तिथे १ हवा, म्हणजे घड्याळ लाइनवरून घ्यायचं. प्रश्नात दिलेल्या लक्षणांचं हे सर्वांत सामान्य कारण आहे आणि दुरुस्ती एका आकड्याची. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या पीआरआय एकाच कार्डावर असतील तर एकीला १ आणि दुसरीला २ द्या. पहिली पडली की घड्याळ दुसरीवर जातं.

जखम ८ च्या पटीत निघाली तर डाडी टूलमध्ये इंटरप्ट चुकल्याचा आकडा वाढतोय का ते पाहा आणि कार्डाचा इंटरप्ट दुसऱ्या कोणाबरोबर वाटून घेतला जातोय का ते तपासा. डाडी टेस्टचा निकाल ९९.९७५ टक्क्यांच्या खाली जाऊ नये. १६० ची निघाली, फक्त ‘टी’मध्ये असली आणि टीसीपीडम्पमध्ये सगळी पॅकेट हजर असली, तर ती आली पण अनियमित आली. चॅन-डाडीच्या (ॲस्टरिस्कमधल्या डाडीच्या सेटिंगच्या) फाइलीत जेबीएनेबल चालू करा. न केल्यास त्या बाजूला जिटर बफर (मागेपुढे आलेली पॅकेट सावरणारा साठा) नसतोच. तुमच्या जिटरचा सरासरी आकडा ‘नगण्य’ असला तरी एखादंच पॅकेट ६० मिलिसेकंद उशिरा आलं तर सरासरीला ते कळत नाही आणि कानाला कळतं.

इकोचं. सर्वांत आधी ठरवा, ऐकू कोणाला येतो. आयपी फोनवाल्याला स्वतःचा आवाज ऐकू येत असेल तर तो परतला आहे पलीकडच्या टेलिफोन नेटवर्कमधून, बहुधा दोन तारांच्या आणि चार तारांच्या सांध्यावरच्या हायब्रिडमधून. हा इको मारणं गेटवेचं काम. उलट, बाहेरच्या माणसाला स्वतःचा आवाज येत असेल तर आयपी फोनच्या स्पीकरमधून माइकमध्ये शिरतोय. गेटवेचा कॅन्सलर त्याच्याकडे बघतही नाही. ‘टी’च्या फाइलीत बाहेरच्याचा आवाज उशिराने दिसला की समजायचं फोनच बदलायचा आहे.

तुमची तक्रार पहिल्या जातीची. आयपी फोनवाला मोजत होता आणि समोरचा गप्प होता, तो तुकडा घ्या. ‘टी’ आणि मोठा ‘आर’ एकाखाली एक ठेवा. वरच्या ट्रॅकवर ‘तीन’चा टोकदार त खालच्या ट्रॅकवर किती पुढे, बारीक होऊन उमटला आहे ते मोजा. समजा २२ मिलिसेकंद, म्हणजे १७६ सॅम्पल. आता चॅन-डाडीतला इकोकॅन्सल बघा. नुसतं ‘यस’ लिहिलेलं असेल तर तो १२८ टॅप (एक टॅप म्हणजे एक सॅम्पल), म्हणजे १६ मिलिसेकंद धरतो. २२ वरचा इको त्याच्या टप्प्यातच येत नाही. तो २५६ करा, ३२ मिलिसेकंद मिळतील. काही नंबरांवरच इको येतो, याचा अर्थही हाच असतो: जवळचा सांधा टप्प्यात येतो, लांबचा नाही. लॅनवरचा उशीर या हिशोबात धरू नका. तो इकोला कानाला जाणवण्याइतका मागे ढकलतो एवढंच, कॅन्सलरच्या शेपटीत (तो धरतो त्या लांबीत) त्याचा वाटा शून्य.

उशीर टप्प्यात असूनही छोट्या ‘आर’मध्ये इको उरत असेल तर मोठ्या ‘आर’मधल्या इकोची उंची बघा. तो मूळ आवाजापेक्षा किमान ६ डेसिबलने खाली, म्हणजे निम्म्याहून कमी उंचीचा असला पाहिजे. त्याहून मोठा इको बरेच कॅन्सलर समोरच्याचं बोलणंच समजतात आणि हात लावत नाहीत. लाटांची डोकी सपाट कापलेली दिसली तर आवाज वाटेत कोंबला गेला आहे, आणि कापलेल्या लाटेचं गणित कुठल्याच कॅन्सलरला जमत नाही. अशा वेळी कोणीतरी ‘आवाज कमी येतो’ म्हणून आरएक्सगेन किंवा टीएक्सगेन (आत येणाऱ्या किंवा बाहेर जाणाऱ्या आवाजाची वाढ) वाढवून ठेवलेला सापडतो. डिजिटल ई-१ वर दोन्ही शून्यच ठेवावेत.

मोठ्या आणि छोट्या ‘आर’च्या फाइली हुबेहूब एकसारख्या निघाल्या तर घाबरू नका. कार्डावर हार्डवेअर इको कॅन्सलर बसवलेला असेल तर आवाज ड्रायव्हरपर्यंत येण्याआधीच साफ झालेला असतो, त्यामुळे ‘आधीचा’ म्हणून काही हाती लागत नाही. डिजियमच्या कार्डांत ड्रायव्हर लोड करताना व्हीपीएमसपोर्ट शून्य देऊन तो बंद करता येतो. त्यासाठी लाइन खाली घ्यावी लागते, म्हणून रात्री करा.

आकडा दोनदा जाणं. समोरच्याने बटण दाबलं की ई-१ वरून दोन सुरांचा टोन येतो. ५ साठी ७७० आणि १३३६ हर्ट्झ. गेटवे तो ओळखून आरटीपीत वेगळं इव्हेंट पॅकेट पाठवतो आणि आवाजातला टोन दाबतो. पण ओळखायला वेळ लागतो. ॲस्टरिस्क १०२ सॅम्पलचा, म्हणजे पावणेतेरा मिलिसेकंदांचा तुकडा तपासतं आणि लागोपाठ दोन तुकड्यांत टोन दिसल्यावरच आकडा मानतं. तोवर टोनचं डोकं आवाजाच्या पॅकेटांतून निसटलेलं असतं. छोट्या ‘आर’मध्ये एकच सलग टोन, आणि आयव्हीआरकडे जाणाऱ्या आरटीपीत इव्हेंटच्या आधी टोनचा आखूड तुकडा, असं दिसलं तर आयव्हीआर दोन्ही कानांनी ऐकतोय. त्याला फक्त इव्हेंट घ्यायला सांगा, आवाजातला टोन शोधणं बंद करा. इव्हेंट संपल्याचं पॅकेट तीनदा जातं, ते नियमाप्रमाणेच आहे. तिन्हींचा टाइमस्टॅम्प एकच असतो, त्यावरून तीन आकडे मोजू नका. मात्र छोट्या ‘आर’मध्येच टोन मधे तुटून दोन झालेला दिसला, तर तो तुमच्या दारात यायच्या आधीच तुटलेला आहे.

त्या दहा सेकंदांच्या शांततेकडे आता या. तिथे रेघ शून्याजवळ हवी. ती अधिक ७१६ आणि उणे ७१६ यांच्यात उड्या मारत असेल तर ए-लॉची शांतता म्यू-लॉने (आवाज दाबायची दुसरी पद्धत) उलगडली जात आहे. बोलणं समजतं, पण खरखरीत लागतं. ई-१ वर ए-लॉच हवा. स्पेक्ट्रममध्ये ५०, १०० आणि १५० हर्ट्झवर सुळके दिसले तर विजेची गुणगुण. ती ई-१ मध्ये निर्माण होत नाही. जवळपास ॲनालॉग लाइन असेल तर तिचं अर्थिंग आणि वायरिंग बघा. ॲनालॉग एफएक्सओ पोर्टवर (टेलिफोन कंपनीची साधी लाइन लागते तो) ‘समोरच्याने ठेवला तरी कॉल सुटत नाही’ ही तक्रार असेल तरी हाच ट्रेस कामाला येतो: फोन ठेवल्यानंतरचा टोन पकडा आणि चालू-बंद मोजा. भारतातला बिझी टोन ४०० हर्ट्झचा, पाऊण सेकंद चालू आणि पाऊण बंद. तुमच्या लाइनवर जे मोजून निघेल तेच बिझीपॅटर्न या सेटिंगमध्ये भरा, अंदाजाने नको.

गेटवे वेगळा असेल तर नावं बदलतात, तत्त्व तेच. ऑडिओकोड्सच्या मीडियंटमध्ये डिबग रेकॉर्डिंग असतं. लॉगिंग फिल्टरमध्ये ट्रंक (ई-१ लाइन) निवडून सिग्नलिंग, मीडिया आणि पीसीएम असा प्रकार घ्यायचा. तो यूडीपीच्या ९२५ पोर्टवर तुमच्या संगणकाकडे सगळं पाठवतो आणि वायरशार्कमध्ये उघडतं. सगळ्या ट्रंकांवर एकदम लावू नका, रेकॉर्डिंगचाच भार नवीन खटके तयार करेल. सिस्कोच्या राउटरमध्ये पीसीएम कॅप्चरला तीन प्रवाह असतात. कॅन्सलरच्या भाषेत आर-इन हा आयपीकडून लाइनकडे जाणारा, एस-इन लाइनकडून आलेला कच्चा, आणि एस-आउट इको काढल्यानंतरचा. वर सांगितलेले ‘टी’, मोठा ‘आर’ आणि छोटा ‘आर’ तेच हे. तिन्ही हवेत म्हणून प्रवाहाचा आकडा ७ द्यायचा.

लाइनवाल्याला पाठवताना अख्खा ढीग पाठवू नका. कॉलची तारीख, सेकंदापर्यंतची वेळ, चॅनेल क्रमांक, दोन्ही नंबर, आत येणाऱ्या आवाजाचा पाच सेकंदांचा तुकडा आणि खटका कितव्या सॅम्पलवर आहे एवढं द्या. सोबत सिस्टिम डॉट कॉन्फमधली स्पॅनची ओळ जोडा, म्हणजे घड्याळाचा प्रश्न पहिल्याच फेरीत निकालात निघेल. ट्रेस शक्यतो चाचणीच्या कॉलचाच घ्या. ग्राहकाच्या कॉलचा घ्यावाच लागला तर त्याला आधी विचारा, आणि काम झाल्यावर फाइल पुसा. आयव्हीआरवर दाबलेला पिन त्या टोनमधून कोणालाही परत वाचता येतो.